हरणीच्या तोंडातली डहाळी

ती हरणी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. फोनवरचा फोटो पाहिला, तोही चष्मा वर-खाली करत. पण नोकरीत एवढे पंचनामे केले, त्यातला एकही मनात इतका घर करून बसला नाही. नावं कुणाची सांगणार नाही, नावांवाचून काही अडत नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. बायको गेल्यावर मुलाने इकडे जर्मनीत आणलं, वोल्फ्सबुर्गला. इथे रस्त्यावर माणूस कमी, मोटारी जास्त. बायको असती तर म्हणाली असती, भांडायला तरी कोण आहे इथे. ती नाही, म्हणून आता ते मीच म्हणतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मराठी जोडपं राहतं. तो सॉफ्टवेअरवाला, बराचसा घरूनच काम करतो. ती सातारा भागातली, मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. हाताखाली बरीच माणसं आहेत. आणि ही बाई शिकार करते. कधीमधी नाही, आठवड्यातून तीन-तीन, चार-चार पहाटे. उजाडायच्या आधी गाडी काढते, रानातल्या मचाणावर जाऊन बसते, परत येते, अंघोळ करते, डबा भरते आणि मीटिंगला वेळेवर हजर. रजा टाकते तीही हंगाम बघून. साहेबाला तोंडावर सांगून ठेवलंय म्हणे, या आठवड्यात चांदणं आहे, रानडुकरांसाठी बसायचं आहे, संध्याकाळची कामं मला देऊ नका. साहेबही ऐकतो, कारण तिचं काम कधी मागे पडत नाही.

हे ऐकलं तेव्हा मला राग आला होता. माझी अर्धी नोकरी जंगलाला लागून असलेल्या ठाण्यात गेली. आमच्याकडे शिकारी म्हणजे आरोपी. हातात बॅटरी, खांद्यावर गावठी बंदूक आणि पोत्यात मुद्देमाल. मी मुलाला म्हणालो, "खालच्या बाईला अटक कशी होत नाही?" तो हसला. म्हणाला, "बाबा, इथे त्याची परीक्षा असते. लेखी, तोंडी आणि नेमबाजी. नोकरी सांभाळून वर्षभर अभ्यास केला तिने, तोही जर्मनमधून. तुमच्या खात्याची परीक्षा याच्यापुढे सोपी."

मग एका रविवारी तिचा नवरा वर आला. चेहरा उतरलेला. मला काका म्हणतो.

"काका, तुम्ही पोलिसात होतात ना? आमच्याकडे पोलीस येऊन गेले. बंदूक घेऊन गेले."

"पावती दिली का?"

"दिली."

"मग पळून जाण्यासारखं काही नाही. बस. आता पहिल्यापासून सांग."

त्याने सांगितलं ते असं. कुत्रं फिरवायला गेलेल्या एका बाईला रानाच्या कडेला गोळी लागून मेलेली हरणी सापडली. इथलं हे हरीण आपल्याकडच्या भेकराएवढं असतं. मे महिना चालू होता. त्या दिवसांत गेल्या वर्षीची, अजून न व्यालेली मादी मारायला परवानगी असते, पण पिलांची आई मारणं म्हणजे फौजदारी गुन्हा. या हरणीची आचळं दुधाने भरलेली होती. त्या बाईने पोलिसांना फोन केला, आणि वर हेही सांगितलं की त्या पहाटे एका परदेशी बाईची गाडी तिथे उभी होती.

त्या रानात शिकार करणारी माणसं तीनच. ज्याने रान भाड्याने घेतलंय तो जर्मन म्हातारा, त्याचा पुतण्या आणि ही. पुतण्या तेव्हा परगावी होता. गोळी अंगातून आरपार गेलेली, त्यामुळे ती कुठल्या बंदुकीतली हे कळायला मार्ग नाही.

"गुन्हा लागला तर शिकारीचा परवाना गेला," नवरा म्हणाला. "आणि आमचा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे, काका. तोही बारगळेल. मी वरण-भातवाला माणूस. तळघरातल्या फ्रीजरमध्ये रानडुक्कर आहे, तेही सहन केलं. पण हिने हे केलेलं नाही, एवढं मला माहीत आहे."

"ती काय म्हणते?"

"काहीच नाही. मी गोळी झाडली नाही, म्हणते. पुढे गप्प."

पुढे गप्प, हे ऐकून माझे कान टवकारले. निर्दोष माणूस गप्प बसत नाही. बडबडतो, दहा लोकांवर संशय घेतो, देवाची शपथ घालतो. गुन्हेगार तर त्याहून जास्त बोलतो. ज्याला माहीत आहे पण सांगायचं नाही, तो गप्प बसतो.

मी खाली गेलो. तिने चहा टाकला. मी म्हणालो, फोटो दाखव. पोलिसांनी दाखवलेला फोटो तिने आपल्या फोनवर घेऊन ठेवला होता. हरणी उजव्या कुशीवर नीट निजवलेली, आणि तोंडात ओकाची हिरवी डहाळी.

"ही डहाळी चरताना राहिली?"

"नाही काका. ठेवलेली आहे. जनावर पडलं की शिकारी त्याच्या तोंडात डहाळी देतो. शेवटचा घास म्हणतात. इथली पद्धत आहे."

बायकोच्या तोंडात तुळशीपत्र मीच ठेवलं होतं. ओठ मिटत नव्हते, बोटाने मिटवले. बंदूक चालवणारी माणसं जनावरासाठी एवढं करतात हे मला ठाऊक नव्हतं. शिकारी या शब्दाबद्दलचा माझा राग तिथेच निम्मा उतरला.

पण पोलिसाचं डोकं चालूच होतं. डहाळी ठेवलीय म्हणजे मारणारा चोरटा नाही. जनावराजवळ बसला, त्याला सरळ केलं, पद्धत पाळली आणि मग निघून गेला. शरमेने गेला. उरले दोघं, म्हातारा आणि ही.

"म्हातारा तुझ्यावर चिडला असेल ना? त्याच्या रानात हे झालं."

"नाही हो. ते म्हणाले, चौकशी संपेपर्यंत बंदूक घेऊन येऊ नकोस. बाकी काही नाही. रोज फोन करतात, जेवलीस का विचारतात."

ज्याचं नुकसान झालं त्याला राग येत नाही, अशी केस मी पाहिली नव्हती. चोरी झालेला घरमालक पोलिसांवरसुद्धा ओरडतो. मी विचारलं, "म्हाताऱ्याला भेटवशील?"

"उद्या पहाटे या. गवत कापणार आहेत. त्याआधी पिलं शोधायची आहेत."

मला कळलं नाही. तिने समजावलं. हरणीची पिलं उंच गवतात दबून बसतात. माणूस आला तरी हलत नाहीत, यंत्र आलं तरी हलत नाहीत, आणि कापली जातात. म्हणून ही बाई कारखान्यात जायच्या आधी शेतावर ड्रोन उडवते. त्यात उष्णता दिसणारा कॅमेरा आहे. मे-जूनमध्ये हे तिचं रोजचंच काम. आणि आता तर त्या हरणीची पिलं कुठेतरी दूध न पिता पडलेली. ज्या रानामुळे तिच्यावर बालंट आलं, तिथेच ती रोज जात होती, बंदुकीशिवाय.

दुसऱ्या दिवशी गेलो. थंडी अशी की मे महिना म्हणवेना. म्हातारा आमच्याआधी आलेला. उंच, वाकलेला, हिरवी टोपी. गवतात गुडघ्यांवर बसून तो दोन्ही हातांनी गवत चाचपत होता. तिने ड्रोन वर सोडला. हातातल्या पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसला. पिलू. म्हाताऱ्यापासून चार हातांवर.

ती त्याला सांगू लागली. जर्मन मला येत नाही, पण डावं-उजवं एवढं कळतं. डावीकडे, अजून डावीकडे, आता पुढे, थांबा, हात खाली. पिलू विरळ गवतात होतं, अंगावर ठिपके, मला लांबून दिसत होतं. त्याचा हात पिलाला लागेपर्यंत त्याला काही दिसलं नाही. आणि ती ज्या आवाजात सांगत होती, तो आवाज मी ओळखला. ज्याला दिसत नाही हे आपल्याला माहीत आहे, आणि आपल्याला माहीत आहे हे त्याला कळू द्यायचं नाही, अशा माणसाशी आपण तसं बोलतो.

हातमोजे घालून, गवताच्या मुठींत धरून पिलू पेटीत ठेवलं, माणसाचा वास लागू नये म्हणून. अशी पिलं बाटलीवर वाढवणारी एक शेतकरीण आहे, ती येऊन घेऊन गेली. दुसरं पिलू सापडलं नाही.

मग गाडीच्या बॉनेटवर कॉफी. म्हाताऱ्याने थर्मासमधून ओतली. ओतताना कपाच्या काठात बोट घातलं. कॉफी बोटाला लागली तेव्हा थांबला.

मी तिला म्हणालो, "आता मी बोलतो ते जसंच्या तसं सांग. गाळायचं नाही."

"काका, कशाला?"

"सांग. हरणीवर गोळी झाडली तेव्हा उजेड किती होता, विचार त्यांना."

ती त्याला दोन शब्द बोलली. म्हातारा हसून "या, या" म्हणाला, म्हणजे त्यांच्या भाषेत हो, हो.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, काका म्हणतात थंडी आहे."

"माझं वाक्य एवढं छोटं नव्हतं, पोरी. मी आयुष्यभर दुभाषे वापरलेत. कैकाडी, पारधी, तेलुगू. कोण किती गिळतो हे मला आवाजावरून कळतं."

ती खाली बघायला लागली. मी म्हणालो, "बरं, त्यांना काही विचारू नकोस. माझ्या बायकोचं सांग. माझी बायको चहा ओतताना कपात बोट घालायची. मोतीबिंदू होता. कुणाला सांगितलं नाही. मी पकडलं तेव्हा म्हणाली, मसाल्याचा डबा हातांना पाठ आहे, डोळ्यांचं काय काम. शस्त्रक्रिया झाली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, तुम्ही केवढे म्हातारे झालात. एवढंच सांग."

तिचे डोळे भरले. पण या वेळी तिने सगळं सांगितलं. लांबीवरून कळलं.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. रुमालाने बोट पुसलं, मग सगळा हात पुसला, मग दुसरा हात. कबुलीच्या आधी माणूस हातांचं काहीतरी करतो. आमच्याकडे बोटं मोडतात. मग तो बोलायला लागला, तिच्याकडे बघून. तिने मला एक शब्दही सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही.

गाडीत तिने सांगितलं. पहाटेच्या अंधुक उजेडात त्याला ती न व्यालेली मादी वाटली. जवळ जाऊन चाचपलं तेव्हा भरलेली आचळं हाताला लागली. डहाळी मोडून तोंडात दिली आणि तिथेच बसून राहिला. परवाना परत करायला लागेल, रान जाईल, आणि रान गेलं तर सकाळी उठून करायचं काय, म्हणून गप्प राहिला. वाटलं, पुरावा नाही, प्रकरण मिटेल. हिची बंदूक नेली तेव्हा घाबरला, पण तोंड उघडेना.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"त्यांच्या बाजूने गोळीचा आवाज ऐकला होता. गोळी झाडली की आम्ही एकमेकांना फोन करतो. त्यांचा फोन आला नाही. तेव्हाच कळलं."

"मग परवाना घालवायला निघाली होतीस? नागरिकत्व, नोकरी, नवरा, काही डोक्यात नाही? याला मूर्खपणा म्हणतात."

"काका, परीक्षा पास झाले तेव्हा कुणीही रानात येऊ देत नव्हतं. यांनी एवढंच विचारलं, पहाटे उठवतं का. आणि माझा परवाना गेला तर मी पुन्हा परीक्षा देईन. त्यांचा गेला तर तो परत मिळणार नाही."

मी नोकरीत साहेब पाहिले, पुढारी पाहिले, दरोडेखोरही पाहिले. एवढा सरळ हिशेब कुणी मांडलेला ऐकला नव्हता. मूर्खपणा हा शब्द मी मागे घेतला नाही, पण पुन्हा उच्चारलाही नाही.

म्हातारा त्याच दिवशी ठाण्यात गेला. तिनेच नेलं, मीही गेलो. कारखान्यात फोन करून तिने सांगितलं, उशीर होईल. इथलं ठाणं म्हणजे दवाखान्यासारखं, शांत. अंमलदाराने म्हाताऱ्याला खुर्ची दिली, जबाब घेतला. म्हाताऱ्याने परवाना खिशातून काढला, टेबलावर ठेवला, अंगठ्याने त्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला आणि हात मागे घेतला. मग अंमलदार तिच्यावर घसरला, आधी का नाही सांगितलं म्हणून, हे मला तिने नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मला माझ्याबद्दल विचारलंत, मी खरं सांगितलं. दुसऱ्याबद्दल विचारलं नाहीत." अंमलदाराने लेखणी थांबवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

म्हाताऱ्याला दंड झाला. तिची बंदूक परत आली. नागरिकत्वाचा अर्ज सरकतोय आपल्या चालीने.

शौक करणारा माणूस नोकरी बुडवतो, असं मी आजवर मानत आलो. ठाण्यात पत्त्यांपायी, बाटलीपायी निलंबित झालेले पाहिले होते. आणि मी स्वतः नोकरीशिवाय काही केलं नाही, ती सुटली तेव्हा हात रिकामे. या बाईने दाखवलं की आवडीला नियम असले आणि ते कुणी बघत नसतानाही पाळले, तर तीच शिस्त माणूस कारखान्यात घेऊन जातो. रान तिच्या नोकरीच्या आड येत नाही. तिला रानाने घडवलंय.

त्या दिवशी जबाब देऊन निघालो तेव्हा ठाण्याबाहेर म्हातारा माझ्यासमोर उभा राहिला आणि काहीतरी बोलला. तिने भाषांतर केलं, न गाळता. "ते विचारतात, आता पहाटे जाग आली की करू काय? तुम्ही काय करता?"

खोटं सांगून उपयोग नव्हता. "पडून राहतो," मी म्हणालो. "छताकडे बघत."

तिने तेही सांगितलं. म्हातारा मान हलवत राहिला. ती घड्याळ बघत होती, तिला मीटिंग गाठायची होती. गाडीचं दार उघडता उघडता ती आधी त्याला जर्मनमध्ये आणि मग मला मराठीत म्हणाली, "शनिवारी पलीकडचं गवत कापणार आहेत. उजाडायच्या आधी गाडी खाली उभी असेल. दिसणारा एक आणि जमिनीची माहिती असलेला एक, असे दोघं लागतील मला. हातमोजे आणा."

आणि ती कामावर गेली. आम्ही दोघं म्हातारे बस स्टॉपवर बसलो, बोलायला एकही भाषा नसताना. शनिवार अजून लांब होता.