न दिसलेला बुडबुडा

आमच्या लॅबमध्ये माणसांची यकृतं येतात ती गोठवलेल्या पेशींच्या इवल्याशा कुप्यांमधून. प्रत्येक कुपीबरोबर एक कागद असतो. त्यावर नाव नसतं. वय, स्त्री की पुरुष आणि मृत्यूचं कारण, एवढंच. प्रत्यारोपणाला न चाललेलं यकृत घरच्यांच्या संमतीने असं संशोधनाला येतं. तीन वर्षांपूर्वी एका कागदावर होतं: पुरुष, चौतीस, मोटार अपघात. तेव्हापासून तो माणूस माझ्याबरोबर अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या माझ्या घरून ऑफिसला येतो आणि संध्याकाळी परतही येतो.

माझं काम चिपचं. बोटाएवढी पारदर्शक पट्टी, तिच्यात केसासारखी बारीक वाट, आणि त्या वाटेत जिवंत पेशी. त्यांच्यावरून औषध वाहतं ठेवायचं आणि यकृताला ते सोसतं का, ते बघायचं. तेव्हा एका नव्या गोळीची तपासणी चालू होती. उंदरांना काही झालं नव्हतं, कुत्र्यांनाही नाही. माझ्याकडे तीन दात्यांच्या पेशी होत्या. दोघांच्या ठणठणीत राहिल्या. चौतीस वर्षांच्या त्या माणसाच्या तिन्ही पट्ट्यांमधल्या पेशी सहाव्या दिवशी मेल्या.

चिपमध्ये हवेचा बुडबुडा शिरला की पेशी सुकून मरतात. आमच्याकडे हे रोजचंच रडगाणं. तिन्ही पट्ट्यांना औषध एकाच नळीतून जात होतं, त्यामुळे एका बुडबुड्यावर सगळं खापर फोडणं सोपं होतं. मी सूक्ष्मदर्शकाखाली तासभर शोधला. दिसला नाही.

शेजारच्या टेबलावर नागपूरचे एक सहकारी बसतात, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. इथे माझी घडी बसवून दिली ती त्यांनीच.

"बबलच असेल गं," ते म्हणाले. "लिहून टाक."

"पण दिसला नाही मला."

"एका डोनरवर कोण ड्रग थांबवणार यार? विचारतील, दुसऱ्या लॅबमध्ये रिपीट झालं का? त्या डोनरच्या पेशी तरी उरल्यात का आपल्याकडे?"

उरल्या नव्हत्या. चिपची गोची ती हीच. मेलेला माणूस एकच, त्याच्या कुप्या मोजक्या, संपल्या की पुन्हा विचारायची सोय नाही. उंदीर हवे तेवढे मिळतात, आणि उंदरावर विश्वास ठेवला म्हणून कोणाची नोकरी गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. चिपवर विश्वास ठेवून गोळी अडवणाऱ्याची मात्र जाऊ शकते. माझ्या ग्रीन कार्डचे कागद याच कंपनीच्या हातात होते. मी घाबरले, दुसरं काही नाही. वहीत लिहिलं, "बुडबुड्यामुळे बाद." साक्षीदार म्हणून त्यांनी खाली सही केली. मीटिंगमध्ये उरलेल्या दोन दात्यांचे निकाल दाखवले, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

वर्षभराने गोळी माणसांना दिली गेली. एका बाईचं यकृत निकामी झालं आणि चाचणी थांबली. तसा मेल आला, त्यात तिचंही नाव नव्हतं. स्त्री, एकेचाळीस. ती वाचली का, ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं नाही तोवर ती जिवंत आहे, अशी स्वतःची समजूत घालत राहिले.

गेल्या महिन्यात मुलीला गाडीचं लायसन्स काढायला नेलं. ती सोळा वर्षांची आहे. खिडकीपलीकडच्या बाईने अवयवदानाचं विचारलं, आणि माझ्याकडे न बघता ती हो म्हणाली. टपालाने आलेल्या लायसन्सवर तिच्या फोटोजवळ अवयवदात्याची खूण होती, लाल बदाम. मी तो कार्डाचा तुकडा हातात धरून उभी राहिले. स्त्री, सोळा. पुढचा रकाना माझ्या डोक्यात आपोआप भरला जाऊ लागला.

"माझं लिव्हर तुझ्या लॅबमध्ये येऊ शकतं?" तिने विचारलं.

"असलं बोलू नये."

"डोंट बी वीअर्ड, आई. यू वुड लिसन टू इट, राइट?"

आई आपलं ऐकेल याची तिला खात्री होती.

सोमवारी मी ती जुनी वही काढून घेतली. आमच्याकडे नोंद मिटवता येत नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण, सही, आजची तारीख. मी रेघ मारली आणि लिहिलं, "बुडबुडा दिसला नव्हता. मी खोटं लिहिलं. पेशी औषध चालू असताना मेल्या." दुरुस्तीला साक्षीदाराची सहीही पुन्हा लागते, म्हणून वही त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता काय उपयोग? क्वालिटीवाले वह्या तपासतात, ते आधी तुला धरतील, मग मला."

"धरू देत."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझी नवी ओळ पुन्हा वाचली.

"त्या बाईचं काय झालं, कळलं का तुला?"

"नाही. मी विचारलंच नाही."

"मी पण नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.