उत्तरासाठी थांबणाऱ्या मोनिका टीचर

मोनिका टीचर गेल्याचा फोन सईनेच घेतला. फोन ठेवून ती म्हणाली, "आई, टीचर गेल्या." आणि तिनेच मला खुर्ची पुढे केली... भुईगावच्या घरी सकाळी झाडांना पाणी घालताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. त्याला आता पाच आठवडे झाले.

माझी लेक सई चौथीत असताना तिच्या मेंदूतली गाठ काढली. नंतर सहा आठवडे प्रोटॉन किरणांचा उपचार झाला. हे किरण नेमक्या जागी थांबतात, आसपासच्या भागाला इजा कमी होते, असं डॉक्टर म्हणाले होते. कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, हेही त्यांनी सांगितलं होतं. आम्ही मात्र सोयीचं तेवढंच ऐकलं. केस परत आले, गाठ आली नाही. आमच्या गावी, निर्मळला, आळीभर पेढे वाटले आणि सगळं संपलं असं धरून चाललो.

संपलं नव्हतं. पाचवीत सई दुपारीच बाकावर डोकं टेकवायची. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी विसरायची. काही विचारलं की नुसती बघत राहायची. उंची वाढेना. उजव्या कानाने कमी ऐकू येतंय, हे तर कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मी तिला आळशी म्हटलं, एकदा हातही उचलला. लिहितानाही लाज वाटते.

मोनिका टीचर तिच्या वर्गशिक्षिका. त्यांनी शाळेत बोलावलं, तेव्हा मी तक्रार ऐकायच्या तयारीने गेले. त्या म्हणाल्या, "सईच्या आई, हिला उत्तर येतं. फक्त वेळ लागतो. काल मी मनात वीस मोजेपर्यंत थांबले, तर बरोबर सांगितलं तिने." मग त्यांनी सईच्या उपचारांची फाइल मागून घेतली, न कळलेले शब्द उतरवून काढले आणि पुढच्या तपासणीला रजा टाकून आमच्याबरोबर आल्या. थकवा, स्मरणशक्ती, कान, वाढ... एकेक गोष्ट विचारली. हे सगळे आजाराचे आणि उपचारांचे परिणाम आहेत, काही औषधांनी सांभाळता येतील, काही कायम राहतील, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून सई पहिल्या बाकावर, डावा कान टीचरांकडे. मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास झोप. तिला खालच्या वर्गात ठेवा, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं, तेव्हा टीचर भांडल्या. पण लाड केले नाहीत. गणित अर्धवट टाकलं की त्या शेजारी बसून राहायच्या, पुरं होईपर्यंत. दहावीला जादा वेळ मिळावा म्हणून अर्जामागे त्याच धावल्या, तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या.

सई आता कॉलेजात आहे. माझ्या खांद्याला लागते, रोज सकाळी गोळी घेते. मागच्या रविवारी चर्चमध्ये टीचरांच्या महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर, ती कागद घेऊन माइकपाशी गेली. दोन वाक्यं झाली आणि तिसऱ्याला अडली. तिला आणायला मी उठणार होते... बसून राहिले.

"मला अजूनही वेळ लागतो," ती म्हणाली. "टीचर म्हणायच्या, लागू दे."

उरलेलं सगळं ती सावकाश बोलली, कागदाची घडी घातली आणि खाली आली. मला रडू येईल असं वाटलं होतं. पण मी अभिमानाने मान ताठ करून बसले होते.