मामाचा ‘बाबा’

समोरच्या घरातून तव्यावर भाजलेल्या ओव्याचा वास आला की मी ओळखतो, त्यांच्या पोरीचं नाक पुन्हा चोंदलंय. बाळकुमच्या आमच्या या उंच इमारतीत शेजाऱ्यांची ओळख होते ती बहुतेक वासांवरूनच. पण हा वास माझ्या फार जुन्या ओळखीचा. उष्ण, तिखटसर, फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेला, कुणाच्या तरी छातीवर हलक्या हाताने टेकवलेला. परवा तो जिन्यात दरवळत असतानाच बेल वाजली. दारात ती पाच वर्षांची चिमुरडी, तोंड उघडं, डोळ्यांखाली सावळी वर्तुळं. “काका, आबची बदी तुबच्याकडे आलीय?” आमची मनी, म्हणजे त्यांचं मांजर, तुमच्याकडे आलीय का, असं तिला विचारायचं होतं. मागे तिची आई हसू दाबत, फोन रोखून उभी. “काका, पुन्हा एकदा विचारायला लावा ना तिला! किती गोड बोलते! मागचं रील तर सगळ्यांना इतकं आवडलं!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोड? नाकामागची वाट बुजलीय म्हणून पोरीला म म्हणता येत नाही, न म्हणता येत नाही, आणि हे गोड? श्वासासाठी धडपडणारं लेकरू दाखवून लोकांना हसवायचं? काय म्हणावं या कौतुकाला! तोंडावर आलेलं सगळं मी कसंबसं गिळलं, कारण त्या आगीतली निम्मी माझी मलाच लागलेली होती.

तीसएक वर्षांपूर्वी, डोंबिवलीत, माझ्या ताईच्या दोन खोल्यांच्या घरात हेच कौतुक मी स्वतः केलेलं आहे. माझी भाची तेव्हा एवढीच होती आणि मला हाक मारायची, “बाबा”. मामाचा सरळ बाबा! तिचे खरे बाबा बाजूलाच बसलेले असायचे आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. रविवारी मी गेलो आणि घरात कुणी पाहुणा असला की मी तिला मुद्दाम मधोमध उभी करायचो. “सांग गं, मी कोण?” ती एकदा माझ्याकडे, एकदा पाहुण्यांकडे बघायची, फ्रॉकचं टोक पिळायची आणि म्हणायची, “बाबा.” घर खदखदून हसायचं. मग मी खिशातून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवायचो.

एरवी मात्र सगळ्यांचा राग त्याच तोंडावर. तोंड मीट, बावळट दिसतेस. तोंड मीट, माशी जाईल. जेवताना मचमच करते म्हणून ओरडा, हाक मारल्यावर ओ देत नाही म्हणून पाठीत धपाटा. अहो, नाकातून वारा जात नव्हता, तर तोंड मिटून त्या पोरीने जगायचं कसं? घास गिळायचा आणि श्वासही घ्यायचा, दोन्ही एकाच दारातून! कानांच्या पडद्यामागे पाणी साठलेलं, ऐकूच कमी येत होतं, ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दुपारी झोपली की घोरायची, तर म्हणे आजोबांवर गेलीय. पुढे चेहरा लांबट होत गेला, वरचा ओठ आखूड दिसू लागला, दात पुढे आले, तेव्हा तेही कुणा आत्याआजीवर गेलं. आमच्याकडे पोरांचं सगळं कुणावर तरी जातं, डॉक्टरकडे मात्र काही जात नाही.

भाची डॉक्टरकडे गेली ती थेट अकराव्या वर्षी. ठाण्यातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. टाळूच्या वर, नाकाच्या पाठीमागे, वाट अडवून बसलेली अ‍ॅडेनॉइडची गाठ. “इतकी वर्षं काय करत होतात?” त्यांनी विचारलं. ताई रडायला लागली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. आधी आणली असती तर चेहरा वेगळा वाढला असता का, हे त्यांनीही ठामपणे सांगितलं नाही. जबडा वाढायच्या वयात नाक मोकळं असावं लागतं, एवढंच म्हणाले. ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी मी दारात चपला काढत असताना ती आतून धावत आली आणि म्हणाली, “मामा!” दोन्ही ओठ नीट मिटून, घंटेसारखं स्वच्छ. आणि मी, तिचा सख्खा मामा, काय म्हणालो? “अरेरे, गंमतच गेली की!”

परवा दारात हे सगळं आठवलं, आणि मी बोललोच. “तिच्या घोरण्याचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. लोकांना नको.” तिच्या आईचा चेहरा पडला. “पण काका, मोठी झाली की जातं म्हणतात ना?” “गाठ जाते कधीकधी. तोवर वाढलेला चेहरा मागे जात नाही.” माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होता. तिने फोन खाली घेतला आणि हळूच विचारलं, “कुठल्या डॉक्टरांकडे नेऊ?”

मी नाव लिहून देत होतो, तेवढ्यात त्या चिमुरडीने माझा सदरा ओढला. “काका, तुब्ही का दाही हसलात?”

म्हणजे कळत होतं तिला. आपण बोललो की मोठी माणसं हसतात, हे पाच वर्षांच्या जिवाला पक्कं ठाऊक होतं. माझी भाची आता टिटवाळ्याला असते, तिलाही मुलगी आहे. तारा लावून भाचीचे दात कधीच सरळ झालेत. तरी ती हसताना अजून तोंडावर हात धरते. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती दात लपवते.