यशोधरेच्या ट्रंकेतलं अंबरी

सफरचंद म्हणजे अंबरी, बाकी सगळा कचरा, असं यशोधरा ठणकावून सांगायची. तिचे वडील चिंतामणराव इंदूर संस्थानच्या कोठीत फळांचे कारकून. काश्मीरच्या पेट्या आल्या की दिवाळीला लेकीसाठी एक अंबरी आणायचे. ती ते खायची नाही, लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. होळीपर्यंत लुगड्यांना गोड वास यायचा.

संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं, कोठी बंद पडली. त्या दिवाळीला चिंतामणरावांनी सगळा बाजार पालथा घालून एक अंबरी आणलं आणि आठवड्याभरात गेले. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून माघात तिचं लग्न लावलं, मिलमधल्या जयसिंगरावाशी. ट्रंक सोबत गेली.

नवरा नावालाच राव! भाजीत मीठ कमी, मार. पाणी उशिरा, मार. ती मुकाट सोसायची. एके दुपारी तो पाळीवरून आला आणि तिच्या पदराचा वास त्याच्या नाकात गेला.

"अत्तर कोणी दिलं गं? बोल!"

"अत्तर कसलं? सफरचंद आहे, बाबांनी दिलेलं."

"पागल समजतेस मला? सफरचंदाला असा वास असतो?"

त्या मेल्याने जन्मात आंबट, बिनवासाची महाराजी सफरचंदंच खाल्लेली, त्याला काय ठाऊक! पट्टा काढला आणि झोडपायला लागला. शेजारचे शंकरराव दाराबाहेरून "अरे भिया, मर जाएगी वो!" ओरडत राहिले, पण आत यायची छाती झाली नाही. यशोधरेची भुवई फुटली, तरी ती ट्रंकेवरून हटेना. लाथेने तिला बाजूला करून त्याने ट्रंक उपसली. सफरचंद हाती लागलं. आता तरी पटेल, असं तिला वाटलं. कसलं काय! खोटा ठरला म्हणून तो आणखीच पिसाळला. ते जमिनीवर आपटून त्याने बुटाखाली चिरडलं.

मग तिचं डोकं फिरलं. कोपऱ्यातलं मुसळ उचलून तिने त्याच्या उजव्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज शंकररावांनी बाहेर ऐकला. दुसरा घाव गुडघ्यावर. तो कोसळला तशी ती छातीवर बसली आणि मातीत मिसळलेला चोथा त्याच्या तोंडात कोंबला.

"खा! हाच माझा यार. बियांसकट खा!"

तो रडत रडत गिळत होता.

पुन्हा त्याने हात उगारला नाही. पुढच्या दिवाळीला डाव्या हातात पिशवी धरून चार लालभडक सफरचंदं घेऊन आला. तिने एकेक हुंगलं. "महाराजी," एवढंच म्हणाली. मग नेसायला लुगडं काढावं म्हणून ट्रंक उघडली. आत नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास. तिथंच बसून ती बापासाठी ढसाढसा रडली.