उघड्या छातीची ऊब

मी आमच्या गावची आशा सेविका. पिशवीत लोहाच्या गोळ्या, तापमापी, बाळ तोलायचा झोळीचा काटा आणि चित्रांची चोपडी; जिभेवर भाषण. ते भाषण मला स्वतःला फार आवडतं. ऐकणाऱ्यांना आवडतं असं अजून कोणी सांगितलेलं नाही.

धानाची रोवणी ऐन भरात होती तेव्हा तळ्याकाठच्या घरातल्या सुनेला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून ती घरी आली तेव्हा तिचं वजन पावणेदोन किलो होतं. दवाखान्यातल्या बाईंनी मला तिथे बोलावून बजावलं की बाळ थंड पडू द्यायचं नाही. आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, जमेल तितका जास्त वेळ बांधून ठेवायचं. अशानं नाजूक बाळं वाचतात हे ठिकठिकाणी तपासून पाहिलेलं आहे आणि खर्च काहीच नाही. प्रशिक्षणात मी हे कापडी बाहुली बांधून शिकले होते. आता खरं बाळ! एसटीत बसल्या बसल्या मी भाषणाची उजळणी केली.

त्यांच्या घरी पाहते तर बाजेखाली शेगडी पेटलेली, खोलीत धूर आणि बाळ तीन दुपट्यांत गुंडाळलेलं. सासूनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"माही चार लेकरं याच शेगडीवर वाढली," ती म्हणाली. "अन् फुकटच्या इलाजानं काय होते?"

माझं डोकं तापलं. मी तावातावानं सांगितलं, दिवसाचे वीस तास बांधायचं.

"वीस तास बांधलं तं ते पोरगी जेवन कवा, आंग धुवन कवा?"

तिचं चुकत नव्हतं. आज कबूल करते, तेव्हा मी नुसती धुसफुसत बसले. शेवटी नमतं घेतलं आणि म्हणाले, मावशी, एकच दिवस करून पाहा, नाही पटलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. एका दिवसाला ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाळ खरंच आईच्या छातीशी बांधलेलं होतं. पण ब्लाउजवर पदर, पदरावर टॉवेल आणि त्यावर बाळ. पोटाला हात लावला तर कोमट, तळपाय मात्र गारठलेले. म्हणजे बाळाची ऊब टिकत नव्हती. काट्यावर वजनही थोडं उतरलेलं. सासूनं तळपाय चाचपले.

"पाय तं थंडेच हायत. हेच का तुयं शास्त्र?"

सून मान खाली घालून बसली होती. तिचा तरी काय दोष? मधल्या खोलीला दार नाही, ओसरीत दिवसभर रोवणीच्या बायांची ये-जा, पऱ्ह्यांची रोपं वाहणारे गडी पाणी मागायला येणार. ती उघडी बसेल कशी? मी चोपडीतली चित्रं दाखवत राहिले, घर काही पाहिलंच नाही.

ओसरीच्या कोपऱ्यात बाजेवर सासरेबुवा बसले होते. गुडघा गेल्यामुळे त्यांना चिखलात उतरता येत नव्हतं. सगळं घर धानाच्या शेतात आणि हे कोंबड्या हाकलत घरी, म्हणून महिनाभर तोंड पाडून होते. नेहमीसारखे कमरेला धोतर, वर उघडे.

"आईचीच कातडी पाहिजे का?" ते म्हणाले. "माही बी हाये. अन् मी तं उघडाच रायतो."

मी उडालेच. बाप, आजी, आजोबा, घरातलं कोणीही धडधाकट माणूस चालतं, हे चोपडीच्या शेवटच्या पानावर होतं आणि माझं भाषण कधी तिथवर पोचतच नसे.

"बुढ्याच्या आंगावर पोरगी?" सासू म्हणाली, पण पदराआड हसली.

मी त्यांना साबणानं छाती धुवायला लावली, पाठीमागे वाकळ रचून टेकून बसवलं. बाळाला टोपी आणि लंगोट तेवढा ठेवून छातीवर उभं धरलं, मान एका बाजूला वळवली आणि मऊ लुगड्यानं बांधलं.

"खर्रा चालते का?"

"नाही मामाजी. खर्रा नाही, बिडी नाही."

बाळ घ्यायला त्यांनी क्षणभर विचार केला नव्हता, याला बराच केला. मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी सासूच्या हातात दिली.

तासाभरानं मी तळपायाला हात लावला. गरम! पोटाइतकेच गरम. मला नाचावंसं वाटत होतं. सासूनं आधी पोट पाहिलं, मग पाय, मग पुन्हा पाय. शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. संध्याकाळी रोवणीहून परतणाऱ्या बाया रांगेनं हात धुऊन ते पाय पाहून गेल्या. माझ्या भाषणाला एवढी गर्दी कधी जमली नव्हती.

दिवसा आजोबा, दूध पाजायला आणि रात्री घराचं दार लावल्यावर आई, अशी पाळी ठरली. सून रीतीप्रमाणे सासऱ्यांशी बोलत नसे. "जा बाई, आबाजीजवळ जा," असं पोरीलाच सांगायची आणि सासू मधून उचलून द्यायची. त्यासाठी सासूनं रोवणीवर जाणं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात काटा दोन किलोच्या पुढे सरकला. मी मावशीच्या गळ्यातच पडले.

आणखी काही दिवसांनी भरदुपारी मामाजींचा निरोप आला, लवकर या. मी चपला हातात घेऊन चिखलातून धावले. पोरगी लुगड्यातून हात बाहेर काढून, तोंड लाल करून रडत होती. मामाजींचा चेहरा उतरलेला.

"कालपासून राहूनच नाही राहिली. लाथा मारते. माह्यं काही चुकलं का?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "काही नाही चुकलं मामाजी. तिची ऊब आता तिला पुरते. बाळ असं करायला लागलं की बांधणं थांबवायचं असतं."

"म्हंजे वाचली?"

"वाचली."

त्यांनी गाठ सोडली, पोरगी सासूच्या हातात दिली. मोकळ्या छातीवरून एकदा हात फिरवला. मग मला विचारलं, "गावात आणखी कोनाचं असं लहान लेकरू हाये का?"