शेंगांवरचा पोकर

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत गाळप संपलं की माणसाला करायला काही उरत नाही. त्या उन्हाळ्यात मी पोकर शिकलो. शिकलो म्हणजे मोबाईलवर मोठमोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ पाहिले आणि वहीत टिपणं काढली. इतकी टिपणं मी डिप्लोमाला असतानाही काढली नव्हती.

रविवारी दुपारी आम्ही तिघं खेळायचो. मी, शेजारच्या शिक्षिका वहिनी आणि साखरेचा पाक शिजवण्यात उभी हयात घालवून रिटायर झालेले मामा. डाव भुईमुगाच्या शेंगांवर. वहिनी जिंकलेल्या शेंगा तिथंच खाऊन टाकायच्या, त्यामुळे त्यांना हरवलं तरी हाती फोलपटंच.

व्हिडिओवाले सांगायचे, ब्लफ करा. हातात काही नसलं तरी जोरात चाल करा, समोरचा घाबरून पत्ते टाकतो, डाव सोडून देतो. मी चेहरा दगडासारखा करून ओंजळभर शेंगा पुढं सारायचो. मामा शांतपणे तेवढ्याच शेंगा सारायचे आणि दुर्रीच्या जोडीवर मला धुऊन काढायचे.

"मामा, तुम्ही पत्ते टाकत का न्हाई?" मी एकदा विचारलं.

"मी हितं खेळाया आलो, पत्ते टाकाया न्हाई."

शेवटी साडूला फोन लावला. तो संभाजीनगरला असतो आणि खरोखर चांगला खेळतो. तो म्हणाला, जो ऐकतच नाही त्याला थापा कशाला मारतोस? चांगले पत्ते येईपर्यंत गप बस. आणि असला माणूस कधी आपण होऊन चाल वाढवायला लागला, तर बिलकुल पळ.

दोन रविवार मी गप बसलो. शेंगा वाढल्या, पण वहिनी म्हणाल्या की तुमच्यासंग खेळण्यापेक्षा पेपर तपासलेले बरे.

मग तो डाव आला. माझ्या हातात दोन बादशहा, मधल्या उघड्या पत्त्यांत तिसरा. पण मधे तीन बदामही होते, म्हणजे कुणाच्या हातात आणखी दोन बदाम असले की मी मेलो, कारण पाच बदाम तीन बादशहांना मारतात. आणि जन्मात चाल न वाढवणाऱ्या मामांनी अख्खा ढीग पुढं लोटला. मला साडू आठवला. काळजावर दगड ठेवून मी पत्ते टाकले आणि तिन्ही बादशहांवर पाणी सोडलं.

मामांनी अभिमानानं पत्ते उघडले. एक बदाम, एक चौकट.

"मामा, ही चौकट आहे," वहिनी म्हणाल्या.

मामांनी पत्ता उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "लालच तर हाय," म्हणाले आणि शेंगा ओढून घेतल्या.

साडूचं म्हणणं, माझा निर्णय बराबर होता, फक्त निकाल चुकला. मोठे खेळाडू असंच बोलतात. मी त्याला म्हणालो, मंग तूच ये एखाद्या रविवारी. तो आला, आणि पाऊण तासात त्याच्या सगळ्या शेंगा वहिनींनी खाल्ल्या.