गोड पांढऱ्या वाइनसाठी पोलादपूरला

दारूबंदीच्या मुंबईतून मी एका वाइनची चव शोधायला पोलादपूरला निघाले आहे, हे घरी सांगायची सोय नव्हती. एका परदेशी कादंबरीच्या भाषांतरात मी अडले होते. तिच्यातल्या मेजवानीत एक सुवासिक, गोड, पांढरी वाइन येते आणि पुढचा सारा प्रसंग त्या चवीवर चालतो. शेजारच्या चाळीतला दगडू म्हणाला, “आमचा बाबा बोटीवर सायबांना तेच वाढायचा. त्याला विचारा.”

माणगावच्या अलीकडे एस.टी.चं चाक पंक्चर झालं आणि आम्ही सगळे उतारू करवंदांच्या जाळीत शिरलो. महाडला पोचायला संध्याकाळ झाली. मैत्रिणीकडे मुक्काम करून सकाळी पोलादपूर गाठलं. एप्रिलातली सावित्री खडकांमधल्या डबक्यांपुरती उरली होती. ती ओलांडून तासभर चढल्यावर सहा घरांची वाडी लागली.

दगडूचे वडील, राघोबाबा, पडवीत (घरापुढच्या ओसरीत) सुंभ वळत होते. वय सत्तरीचं, दाढी मात्र गुळगुळीत. मी काम सांगताच त्यांनी आत पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

“ताई, तो विषय या घरात नको. सुनेचा भाऊ दारूपायी गेला. दोन वर्सं नाय झाली.”

मी ओशाळले. पिशवी उचलली. तेवढ्यात दगडूची बायको सुभद्रा दारात आली.

“बोला मामंजी. बाई येवढा डोंगर चढून आल्यात. मी हाय चुलीपाशी.”

राघोबाबांनी हातातला सुंभ खाली ठेवला. मग परसातल्या झाडाचा एक पांढरा जाम तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

“खाऊ नका. आधी वास घ्या.”

गुलाबाचा अगदी पुसट वास होता.

“हा वास चौपट करा. त्यात पातळ मध, आल्याची जरा चुरचुर. आणि गार पायजे. पण गिळल्यावर जीभ साफ झाली तरच बाटली चांगली. नायतर नुसता पाक.”

“आणि बरोबर काय वाढायचं?”

“फळं सगळेच देतात. तिची खरी जोडी खारट-तिखटाशी. वासाचं जुनं चीज, मिरी लावलेली कलेजी. साध्या उकडलेल्या माशाबरोबर नको. माशाची चवच लागत नाय मग.”

सुभद्राने ताटं आणली. तांदळाची भाकरी, सुकटीची (वाळवलेल्या जवळ्याची) चटणी, कोकमाचं सार. राघोबाबांनी ताट निरखलं.

“चटणी चालंल. घास जाळतो, घोट थंड करतो, मग परत घास घ्यावासा वाटतो. सार बाजूला ठेवा. आंबटापुढं ती फिकी पडते.”

ते उठले. खांद्यावरचा पंचा हातावर घेतला आणि तांब्यातलं पाणी माझ्या पेल्यात ओतलं, पाव पेलाच. मनगट हलकेच फिरवलं. एक थेंब सांडला नाही.

“गाव म्हणतं, तुमी बोटीवर भांडी घासायचात,” सुभद्रा म्हणाली.

“घासली ना. पयली चार वर्सं.”

“आणि प्यालात?”

“बाटली नासली नाय ना, ते बघायला एक घोट. त्याच्या पुढं कधी गेलो नाय, गो.”

ती आत गेली.

दुपारी ती मला गाडीपर्यंत पोचवायला आली. खाली सडक दिसू लागली तेव्हा म्हणाली, “माझा भाऊ कधी जेवताना प्याला नाय. मी माहेरी गेले की ताट वाढून ठेवायचे. तो उपाशीच प्यायचा आणि तसाच झोपायचा.”

गाडी आली. तिने जामांची पुरचुंडी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली आणि मागे न पाहता नदीकडे वळली.

एका वाक्यासाठी मी तिच्या दुःखात न विचारता शिरले होते, आणि तिने मला जेवू घातलं होतं. पेणपर्यंत मी वही उघडली नाही. मग गुलाब, मध, आलं, खारट-तिखट, सगळं उतरवून घेतलं. शेवटी सुभद्राचं बोलणंही लिहिलं. कादंबरीत त्याला जागा नाही, म्हणून इथे लिहिते आहे.